नमुना खरा, माल खोटा : सामायिक स्ट्रीमिंग किट घेताना झालेली फसवणूक

हौशी ग्रुपांना व्हिडिओ स्ट्रीमिंगचं सामान स्वस्तात मिळवून देणारा एक माणूस सध्या महाराष्ट्रात आणि गोव्यात फिरतोय. आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या, लिनक्स वापरणाऱ्या ग्रुपला त्याने ४८ हजारांचा चुना लावलाय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण नाव तो बदलेल, पद्धत बदलणार नाही.

पुणे, नाशिक आणि पणजी इथे आमचे तीन छोटे ग्रुप आहेत. महिन्यातून एकदा जमायचं, कुणीतरी बोलायचं, बाकीच्यांनी शंका काढायच्या, मग चहा. लॉकडाऊननंतर सगळीकडून एकच मागणी येऊ लागली, ‘लाइव्ह दाखवा ना’. तिन्ही ठिकाणी वेगळं सामान घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून ठरलं की वर्गणी काढून एकच संच घ्यायचा, पत्र्याच्या ट्रंकेत भरायचा आणि ज्यांचा कार्यक्रम असेल त्यांच्याकडे पाठवायचा.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य होता. एका खोलीसाठी ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. मोठ्या कार्यक्रमासाठी अनेक कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करणारं व्होक्टोमिक्स आहे. ते जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या व्हिडिओवाल्यांनी लिहिलं आणि डेबकॉन्फ, फॉसडेम अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदांत वापरलं गेलं. पैसे लागतात ते एचडीएमआयचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये आणणाऱ्या कॅप्चर कार्डाला. बंगळुरूच्या न्युमॅटो लॅबने यासाठी ओप्सिस नावाचा खुल्या डिझाइनचा बोर्ड काढला होता आणि डेबकॉन्फमध्ये तो वापरलाही गेला, पण तो आमच्या खिशाला झेपणारा नव्हता. म्हणून यादी साधी केली : दोन वापरलेले कॅमकॉर्डर, ट्रायपॉड आणि चार यूएसबी कॅप्चर कार्डं.

ही यादी फिरायला लागली तसा हा गृहस्थ उगवला. बोलण्यात तयार. व्होक्टोमिक्स, पीटीझेड, एसडीआय हे व्हिडिओवाल्यांचे शब्द योग्य जागी वापरायचा. ‘२०२३ला कोचीच्या डेबकॉन्फला मी व्हिडिओ टीमबरोबर होतो,’ हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. त्यातली चलाखी नीट बघा. डेबकॉन्फमध्ये कॅमेऱ्यामागे उभं राहायला कुणीही स्वयंसेवक नाव नोंदवू शकतो. तेव्हा वाक्य खरं असलं तरी त्यातून माणसाबद्दल काहीच कळत नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, हा आपल्यातलाच.

तो आमच्या मासिक बैठकीला आला, सोबत एक कार्ड घेऊन. ते अस्सल होतं, यात मला आजही शंका नाही. आमच्याच लॅपटॉपला जोडलं, १०८०पीचं चित्र सेकंदाला ६० फ्रेमने झुळझुळीत आलं, टर्मिनलमधलं बारीक अक्षरही स्वच्छ. आमच्यातल्या दोघांनी ते उलटसुलट करून तपासलं. मग त्याने ते पाऊचमध्ये घालून खिशात टाकलं. ‘हा डेमो पीस आहे सर, तुम्हाला सीलबंद देतो.’ फसवणूक या एका वाक्यात झाली, बाकी सगळा तपशील.

भाव त्याने १२ हजाराला एक असा सांगितला, बाजारापेक्षा थोडाच कमी. फारच कमी सांगितला असता तर संशय आला असता. माल दिल्लीहून येणार, पैसे आधी. आमच्या हिशेब बघणाऱ्या ताई या बाबतीत कडक आहेत, त्यांनी पक्कं बिल मागितलं. त्याने लगेच पाठवलं, आणि तेही दोन तुकड्यांत : कॅमेरे आणि ट्रायपॉडचं ४८,५०० रुपयांचं एक, चार कार्डं आणि केबलींचं ४९,२०० रुपयांचं दुसरं. कारण असं दिलं की परराज्यातून येणारा माल ५० हजारांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद, काढावं लागतं, ‘उगाच व्याप कशाला ताई’. वर ‘नाशिकवाले तयार आहेत, पणजीवाल्यांनी त्यांचा हिस्सा दिलासुद्धा’ अशी पुस्ती. पणजीवाल्यांना त्याने हेच आमच्या नावाने सांगितलं होतं, हे आम्हाला पुढे एकमेकांशी बोलताना कळलं. तीन ग्रुप, सामायिक पैसा आणि मध्ये एकच बोलणारा माणूस, ही त्याच्या सोयीची मांडणी होती. तुम्ही अशी भागीदारीत खरेदी करत असाल, तर विक्रेत्याशी बोलणं तिघांनीही एकाच फोनवर, एकाच वेळी करा.

सामान आलं. कॅमेरे उत्तम निघाले, आणि त्यामुळेच कार्डांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खोकी गुळगुळीत, होलोग्राम चमकणारा, सील शाबूत.

भांडं फुटलं ते पुण्यातल्या एका कॉलेजात, कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. पहिलं कार्ड जोडलं, चित्र आलं. दुसरं त्याच लॅपटॉपला जोडलं, तर ते सुरूच होईना आणि स्क्रीनवर एरर, अर्थ असा की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. तिथला एक मुलगा बिचारा डिस्क भरली समजून जुनी रेकॉर्डिंग उडवायला लागला होता, त्याला वेळेत थांबवलं. त्या एररचा डिस्कशी काही संबंध नसतो. यूएसबीच्या वाटेवर दुसऱ्या व्हिडिओपुरती जागा उरलेली नाही, असं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगत असतं. आमची कार्डं यूएसबी ३ची म्हणून घेतलेली, आणि ती वाट एवढ्यात भरायचं कारण नाही.

मग जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी एल-एस-यूएसबी (lsusb) ही कमांड चालवली. कार्डाचा ओळखक्रमांक आला ५३४डी:२१०९. या क्षेत्रातले लोक तो आकडा बघताच मान हलवतात. मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस२१०९ ही चिप, हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या डोंगलमध्ये असते ती. चिपबद्दल माझी तक्रार नाही. ती आपल्या किमतीला जागते आणि घरच्या कामाला ठीक आहे. पण ती यूएसबी २वर चालते. त्या जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आता हिशेब करा : १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी दोन बाइट म्हणजे सोळा बिट, सेकंदाला ३० फ्रेम. हे होतात जवळजवळ १००० मेगाबिट. ४८०च्या नळीतून ते न दाबता जाणं शक्यच नाही. म्हणून ही चिप प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबून पाठवते, आणि वक्त्याच्या स्क्रीनवरचा कोड कडेने बुरसटल्यासारखा दिसतो. आवाजाचं तर विचारूच नका. ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ ही चिप ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून सांगते. त्यासाठी २०२० मध्ये लिनक्स कर्नलमध्ये खास दुरुस्ती घालावी लागली होती.

प्लगचं प्लास्टिक मात्र निळंशार, यूएसबी ३सारखं. मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं. खऱ्या यूएसबी ३च्या चौकोनी प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच संपर्कबिंदू असतात. आमच्या चारही कार्डांत फक्त पुढच्या चार. मागे नुसतं निळं प्लास्टिक. ही तपासणी करायला लॅपटॉपही लागत नाही, दुकानात उभ्या उभ्या होते. लॅपटॉप असेल तर एल-एस-यूएसबी टी पर्यायासह (lsusb -t) चालवा, त्यात जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये दिसतो. ५००० एम दिसायला हवं तिथे ४८० एम दिसलं की खोकं बंद करून परत द्या.

रात्रीच त्याला फोन लावला. आधी ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल’, मग ‘लिनक्सवर असंच होतं सर’. हे लिनक्सवाल्यांनाच ऐकवलं! मग नंबर बंद.

बिलाकडे आम्ही त्यानंतर नीट पाहिलं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. दिल्लीचे ०७, महाराष्ट्राचे २७. बिलावर पत्ता दिल्लीचा आणि क्रमांक २७ने सुरू होणारा. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं : ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘पी’ म्हणजे व्यक्ती. बिलाच्या डोक्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’, पॅनमध्ये ‘पी’. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला, तर निघालं एक कपड्याचं दुकान, नोंदणी रद्द झालेली. हा शोध फुकट आहे, लॉगिनही लागत नाही, पैसे पाठवण्याआधी करा. आणि यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं जे नाव उमटतं ते बिलावरच्या नावाशी जुळवा. इथे बिल कंपनीचं होतं आणि पैसे गेले एका व्यक्तीच्या खात्यात.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, ‘माल मिळालाय ना? मग हा दिवाणी मामला.’ रद्द झालेल्या जीएसटी क्रमांकाची छापील प्रत पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला गेला. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही नोंद केली, पण तिचा खरा उपयोग पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत असतो, तेव्हा समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत माल येऊन खोटेपणा उघडा पडेपर्यंत खातं रिकामं झालं होतं.

ग्राहक आयोगाची वाट मात्र खुली आहे, आणि नोंदणी नसलेल्या ग्रुपांनी हे लक्षात ठेवावं. ‘आपली संस्थाच नाही, तक्रार कोण करणार’ या विचाराने बरेच जण गप्प बसतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत लोकांचा समूहही येतो, सोसायटी म्हणून नोंदलेला असो वा नसो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे ताईंच्या खात्यातून गेले होते म्हणून आम्ही त्यांच्याच नावाने केली. वर्गणीचा तक्ता, बिलं, चॅट, खोकी उघडतानाचे फोटो आणि एल-एस-यूएसबीचं आउटपुट छापून जोडलं. वकिलाने ते आउटपुट तीनदा वाचलं आणि विचारलं, ‘यातला घोटाळा नक्की कुठे आहे?’ त्यांच्यासाठी ४८० आणि ५००० या आकड्यांखाली लाल रेघ मारून दिली.

ट्रंकेत सध्या कॅमेरे आहेत, कार्डं पुराव्यादाखल सील केलीत, आणि कार्यक्रमापुरती कार्डं भाड्याने आणतो. तुमच्याकडे कुणी असा नमुना दाखवायला आला, तर दाखवलेलाच नग विकत मागा. नाही म्हणाला तर सीलबंद खोकं त्याच्यासमोर उघडून जोडा, पैसे नंतर. बोलता बोलता तो सांगेलच की पुण्याच्या मंडळींनी आमच्याकडूनच सेट घेतलाय. घेतलाय, हे खरं आहे.