चार दिवसांत आलेले स्वीकृतीपत्र

माझ्या पहिल्या कथासंग्रहासाठी मी एका प्रकाशन संस्थेला 54,000 रुपये दिले. त्यांच्या मोबदल्यात माझ्या हाती 20 प्रती, विक्रीचा एक खोटा हिशेब आणि माझ्याच कथांवरचा माझा हक्क काढून घेणारा करार एवढेच आले. हे पैसे मी तीन वर्षे भिशीत साठवले होते. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. व्यवहाराची रीत मात्र तपशीलवार सांगते, कारण त्यानंतर भेटलेल्या दोन लेखिकांनी मला जवळजवळ तेच अनुभव सांगितले, आणि त्यांपैकी एकीचा दुसरा हप्ता अजून जायचा होता.

मी नवी मुंबईतील घणसोलीत राहते आणि ठाण्यात नौपाड्यातील एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. लिहिण्यासाठी मला पहाटे साडेचार ते सहा एवढाच वेळ मिळतो; त्यानंतर पाणी भरणे, डबे आणि गाडीची वेळ. राहिलेले वाक्य मी रबाळे ते ठाणे या प्रवासात मनात जुळवते आणि दुपारच्या सुटीत वहीत उतरवते. एक कथा पुरी व्हायला मला चार-पाच महिने लागतात. अशा 11 कथा जमायला सात वर्षे लागली. त्यांतील दोन दिवाळी अंकांत आल्या होत्या. 1909 पासून चालत आलेल्या त्या परंपरेने मलाही थोडी जागा दिली, याचे मोल मला आजही वाटते.

माझे माहेर माण तालुक्यातले. लग्नानंतर मी घणसोलीच्या गावठाणाला लागून असलेल्या वसाहतीत आले आणि आमच्या शेजारच्या आगरी घरातील आजींशी माझी गाठ पडली. त्यांच्या बोलण्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो आणि ‘गाडी’ची ‘गारी’ होते. लग्नात धवला गाणारी धवलारीण, खाडीतली मासेमारी, मिठागरे, नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने घेतलेल्या जमिनी, आणि 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासईच्या परिसरात पाच जण हुतात्मे झाले तो काळ, हे सारे मी त्यांच्या ओटीवर बसून ऐकले. दुष्काळी मुलखातून आलेल्या मुलीला खाडीकाठचे घर कसे दिसते, हाच माझ्या बहुतेक कथांचा विषय आहे. शीर्षककथेत माणदेशी सून सासरच्या पहिल्या गौरीला पुरणाचा स्वयंपाक करायच्या तयारीने उठते आणि तिला कळते की या घरात गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य दाखवतात. ती संपूर्ण कथा त्या एका सकाळीवर उभी आहे. हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण पुढे येईल.

संग्रहाचे टंकलिखित मी आधी तीन नामवंत प्रकाशकांकडे पाठवले होते. एकाचा नकार 11 महिन्यांनी आला, दुसऱ्याने पुढील दोन वर्षांची पुस्तके ठरलेली असल्याचे कळवले, तिसऱ्याकडून काहीच आले नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. नवख्या लेखकाच्या कथासंग्रहात पैसे गुंतवणे ही प्रकाशकासाठी खरी जोखीम असते, हे मला समजते. परंतु दोन वर्षे वाट पाहिल्यानंतर माणूस आतून किती थकलेला असतो, हे ज्याला नेमके ठाऊक असते त्याच्याच जाळ्यात तो सापडतो.

नवोदितांकडून हस्तलिखिते मागवणारी जाहिरात मी मोबाईलवर पाहिली आणि रविवारी रात्री संग्रह पाठवला. गुरुवारी स्वीकृतीचे पत्र आले. निवड समितीने एकमताने पसंती दिल्याचे त्यात लिहिले होते आणि माझ्या लेखणीचे, संवेदनशीलतेचे, समाजभानाचे भरभरून कौतुक होते. मी ते पत्र यजमानांना दोनदा वाचून दाखवले. आज तेच पत्र पुन्हा वाचते तेव्हा ध्यानात येते की त्यात एकाही कथेचे नाव नव्हते, एकाही पात्राचा उल्लेख नव्हता आणि आगरी बोलीतील संवादांविषयी एकही प्रश्न नव्हता. ज्याने खरोखर वाचले असते त्याने विचारले असते की हे शब्द असेच ठेवायचे का, खाली अर्थ द्यायचा का, वऱ्हाडातल्या वाचकाला हे कळेल का. मला नकार देणाऱ्या प्रकाशकाने त्याच्या चार ओळींच्या पत्रात दोन कथांचे शेवट घाईचे झाले आहेत असे लिहिले होते. त्याने वाचले होते.

पैशांची मागणी स्वीकृतीपत्रात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी फोनवर आली. समन्वयक म्हणवणारी व्यक्ती अत्यंत नम्रपणे बोलत होती. लेखकाने प्रकाशनात ‘सहभाग’ द्यायचा असून संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, 500 प्रतींची आवृत्ती आणि राज्यभर वितरण या सर्वांसाठी तो 46,000 रुपये आहे, असे मला सांगण्यात आले. लेखकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे यात गैर काही नाही, आणि काही मुद्रक तसे काम सरळपणे करूनही देतात. मात्र ते त्याला मुद्रणाचे काम म्हणतात, निवड म्हणत नाहीत. मी 18,000 रुपयांचा पहिला हप्ता भरला आणि करार त्यानंतर 12 दिवसांनी आला. तोवरचे सगळे बोलणे मराठीत झाले होते. करार मात्र 14 पानी इंग्रजीत होता. पैसे आधीच गेले असल्यामुळे मी तो वरवर वाचून सही केली. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक ती हीच.

करारात ‘500 प्रती’ असे नव्हते, ‘500 प्रतींपर्यंत, मागणीनुसार’ असे होते. म्हणजे कोणी ऑनलाइन मागणी नोंदवली तर एक प्रत छापायची, नाही तर एकही नाही. मला मिळालेल्या 20 प्रती आणि माझ्या मैत्रिणीने दोन महिन्यांनी मागवलेली प्रत यांचा कागदसुद्धा वेगळा निघाला. नियमित मराठी पुस्तकात जेथे मुद्रक, अक्षरजुळणी आणि आवृत्तीचा तपशील असतो, त्या पानावर मुद्रकाचे नावच नव्हते.

पुढे आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी 2,500 आणि स्वामित्व हक्काच्या (कॉपीराइटच्या) नोंदणीसाठी 5,500 रुपये निराळे घेण्यात आले. आयएसबीएन भारतात विनामूल्य मिळतो. नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तेथे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या 13 आकड्यांमुळे पुस्तकाची ओळख पटते. पुस्तकाचा दर्जा किंवा लेखकाचा हक्क त्यामुळे सिद्ध होत नाही. स्वामित्व हक्काबाबतही तसेच. 1957 च्या कायद्यानुसार तो कथा लिहिली जाताच लेखकाचा होतो आणि नोंदणी सक्तीची नाही. कोणाला पुराव्यासाठी ती करायचीच असेल, तर साहित्यकृतीचे सरकारी शुल्क 500 रुपये आहे. अर्ज दाखल झाला की डायरी क्रमांक मिळतो. तो क्रमांक मी सहा वेळा मागितला आणि मला तो कधीही मिळाला नाही.

आता गौरीच्या नैवेद्याकडे येते. मला मुद्रितशोधनासाठी एकदाच पाने पाठवली गेली आणि 48 तासांत परत करण्यास सांगितले गेले. दोन रात्री जागून मी ती तपासून दिली. पुस्तक हाती आले ते शनिवारी संध्याकाळी. मी आधी शीर्षककथा उघडली. ‘तिखटाचा नैवेद्य’ या शब्दांच्या जागी सर्वत्र ‘गोडाचा नैवेद्य’ छापलेले होते. लेखिकेची चूक झाली असावी असे कोणी तरी परस्पर ठरवून टाकले होते. सून पुरण शिजवते, सासू गोडाचा नैवेद्य मागते, आणि तरीही दोघी एकमेकींकडे अवाक होऊन पाहतात, अशी ती कथा आता झाली होती. आजींच्या तोंडचे ‘पानी’ काही पानांवर ‘पाणी’ झाले होते, काही पानांवर तसेच राहिले होते. ‘गारी’ तर एके ठिकाणी ‘गार’ झाली होती. मी विचारणा केली तेव्हा उत्तर आले की प्रमाणभाषेत आणणे हा संपादनसेवेचाच भाग आहे आणि दुरुस्त आवृत्ती हवी असल्यास 6,000 रुपये लागतील.

मी ती प्रत आजींना देणार होते. पहिली प्रत त्यांनाच, असे मी त्यांना गेल्या गणपतीपासून सांगत आले होते. त्या वाचत नाहीत. त्यांची नात त्यांना वाचून दाखवणार होती. मी चार दिवस त्यांच्या ओटीकडे फिरकले नाही.

पैशांचा हिशेब सहा महिन्यांनी आला. माझ्या ओळखीच्या 14 जणांनी पुस्तक ऑनलाइन विकत घेतले होते आणि त्या सर्वांच्या पावत्या मी गोळा करून ठेवल्या होत्या. संस्थेच्या अहवालात विक्री तीन प्रतींची दाखवली होती. शंभर टक्के रॉयल्टीचे आश्वासन होते. प्रत्यक्षात 340 रुपये किमतीतून 148 रुपये छपाईचे आणि 155 रुपये विक्री व पाठवणीचे वजा करून प्रतीमागे 37 रुपये उरत होते. तीन प्रतींचे 111 रुपये झाले, आणि 1,000 रुपये जमेपर्यंत ते देता येत नाहीत असे कळवण्यात आले. नेहमीच्या व्यवहारात प्रकाशक छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी देतो. तो आकडा दिसायला लहान असतो, परंतु त्यासाठी लेखकाने आधी काही भरलेले नसते. याच सुमारास माझ्या पुस्तकाला एक पुरस्कार जाहीर झाल्याचा फोन आला. सन्मानचिन्ह आणि समारंभ यांसाठी 8,500 रुपये भरायचे होते. ते मी भरले नाहीत. पुरस्कारासाठी लेखकाकडूनच पैसे मागितले जातात, हे ऐकल्यावर मी तो 14 पानी करार शब्दकोश घेऊन पहिल्यांदा नीट वाचला.

त्यात मी अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांसह सर्व हक्क जगभरासाठी आणि स्वामित्व हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, म्हणजे माझ्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे, लिहून दिले होते. कायद्याचे कलम 19 लेखकाला बरेच संरक्षण देते: करारात मुदत नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते, प्रदेश नसेल तर भारतापुरते मानले जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो. परंतु करारात निराळे लिहिलेले असेल तर हे संरक्षण टिकत नाही, आणि माझ्या करारात तिन्ही ठिकाणी निराळेच लिहिलेले होते. म्हणून ज्यांच्यापुढे आज असा करार आला असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिला रुपया देण्यापूर्वी तो मागवून घ्या, मराठीत समजावून मागा, केवळ मुद्रित मराठी आवृत्तीचा हक्क ठराविक वर्षांसाठी द्या, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय मजकुरात बदल होणार नाही हे वाक्य त्यात घालून घ्या. पावतीवरील पत्त्यावर एकदा स्वतः जाऊन या. मी गेले तेव्हा महापे औद्योगिक वसाहतीतील त्या पत्त्यावर भाड्याने टेबले देणारे कार्यालय होते आणि तेथे त्या संस्थेची केवळ पत्रे येत असत. नव्या लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, हेही मला तोवर कोणी सांगितले नव्हते. ते मला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एका वाचकाने सहज बोलता बोलता सांगितले. 1893 पासून उभी असलेली ती संस्था माझ्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मी प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली आणि नंतर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की 9,000 रुपये भरल्यास हक्क परत केले जातील. मी ते भरले नाहीत आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. स्वीकृतीपत्र, हप्त्यांच्या पावत्या, मी तपासून दिलेली पाने, छापलेले पुस्तक आणि 14 जणांच्या पावत्या मी तक्रारीला जोडल्या आहेत. फोनवर दिलेल्या आश्वासनांचा मात्र माझ्याकडे कोणताही पुरावा नाही, आणि राज्यभर वितरणाचे सगळे आश्वासन फोनवरच दिलेले होते. पहिल्या तारखेला समोरच्या बाजूने मुदत मागून घेतली.

पुस्तक हाती आल्यावर चार दिवस टाळलेल्या त्या ओटीवर मी पाचव्या दिवशी गेले होते आणि आजींना झालेले सर्व सांगितले होते. त्यांनी पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि मला माझी मूळ वही आणायला सांगितली. आता रविवारी दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसून वहीतून वाचते, छापील प्रतीत जेथे शब्द बदललेला आहे तेथे पेन्सिलने खूण करते, आणि काही ठिकाणी त्या मलाच थांबवून सांगतात की हे असे कोणी बोलत नाही. आम्ही तिसऱ्या कथेपर्यंत आलो आहोत.