ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स? नाव दोघांचं मोठं, पण आपल्या पावसात पैसे कोण वसूल करतं

फोल्डिंग चाकू घ्यायचाय म्हणून कुणालाही विचारा, फिरून फिरून दोनच नावं येतात, फ्रान्सचं ओपिनेल ८ नंबर (नंबर म्हणजे चाकूचा आकार) आणि स्वित्झर्लंडचं व्हिक्टोरिनॉक्स. (घरी तिसरंच नाव येतं. चाकू खिशात ठेवणार म्हटल्यावर आईच्या डोळ्यासमोर थेट रामपुरी उभा राहतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.) माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही भरपूर वापरलेत, आणि ट्रेकच्या ग्रुपवर पावसाळा जवळ आला की "कुठला घेऊ रे" सुरू होतंच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. व्हिक्टोरिनॉक्सची मॉडेल्स ढिगाने आहेत, त्यातला मी धरतोय तो पायोनिअर, अ‍ॅल्युमिनियमच्या खरबरीत मुठीचा. लांबी, वजन वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते सोडून देऊ.

पहिलं म्हणजे ही नावं नुसत्या जाहिरातीवर झालेली नाहीत. ओपिनेल आल्प्समधल्या सावोय भागातला, १८९० पासूनचा, शेतकऱ्याच्या खिशातला चाकू, एक लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा, संपलं. व्हिक्टोरिनॉक्सवाले १८९१ पासून स्विस लष्कराला चाकू देतायत, आणि पायोनिअर हा त्यांच्या १९६१ च्या सैनिकी चाकूचा जवळपास सख्खा भाऊ. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण सैनिकाला फुकट मिळालेल्या वस्तूची काळजी तो कितपत घेणार, तरी ते मॉडेल चार दशकांहून जास्त चाललं.

आता कापण्याचं बोलू. इथे ओपिनेल सरळ पुढे आहे, उगाच तोलून-मापून बोलण्यात अर्थ नाही. पातं पातळ, थोडं लांब, त्यामुळे पिकलेला टोमॅटो दाबला न जाता कापला जातो, कांदा बारीक होतो, भेळ करायची तर हाच हातात घ्यावासा वाटतो. पायोनिअरचं पातं जाडसर, काकडीत घुसताना ती कापण्याऐवजी फाकवतं, कट्‌ असा आवाज होऊन तुकडा उडतो. धार लावली की बरंच सुधारतं पण जाडी काही कमी होत नाही. शिवाय ओपिनेलला ती फिरणारी रिंग आहे, १९५५ ची आयडिया, पातं उघडून रिंग फिरवली की बोटावर मिटायची भीती नाही. पायोनिअरला लॉक नाही, आतल्या पट्टीच्या ताणावर पातं उभं राहतं. भाजी-फळं चिरायला तेवढं पुरतं, पण टोकाने काही उचकटायला जाऊ नका.

ओपिनेलमध्ये कार्बन (म्हणजे गंजू शकणाऱ्या साध्या पोलादाचं पातं) घ्यायचा की स्टेनलेस, हाही वाद असतो. कार्बनला धार पटकन लागते, चहाच्या कपाच्या बुडाची खरबरीत कड असते ना, त्यावर चार हात मारले तरी काम भागतं. पण लोखंडी विळीवर कैरी चिरली की जे होतं तेच इथेही, पातं काळं आणि फोडींच्या कडाही काळ्या. कोकणात नेणार असाल, किंवा मुंबईत राहत असाल, तर स्टेनलेसच घ्या. मी तोच घेतला. कार्बन मित्राचा वापरलाय.

तर इतकं सगळं ओपिनेलच्या बाजूने असताना सॅकमध्ये पायोनिअर का जातो? मुठीच्या लाकडामुळे.

मूठ बीचच्या लाकडाची आणि पातं त्या लाकडातल्या फटीतच मिटतं. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि फट पातं धरून ठेवते. जुलैत राजमाची करा, दिवसभर सॅक भिजलेली, आत सगळं दमट, संध्याकाळी उधेवाडीत ओट्यावर बसून काकडी कापायला चाकू काढायचा. नख खाचेत घालून ओढलं की पातं तांदळाच्या दाण्याएवढं वर येतं आणि थांबतं, भिजून नख मऊ झालेलं असतं ते उलटं वाकतं, मग दुसरं नख, मग बाजूचा म्हणतो आण इकडे, मग त्याचं नख. यावर सावोयच्या लोकांचाच जुना उपाय आहे, रिंग मोकळी करून मुठीचं बूड कठीण जागेवर ठोकायचं, पातं झटक्याने थोडं बाहेर येतं आणि मग चिमटीत धरता येतं. चालतो उपाय, पण तिथलेच लोक पिढ्यानपिढ्या ठोकत आलेत म्हणजे हा काही एखाद्या नगाचा दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. फक्त आपल्याकडे तो स्वभाव सलग चार महिने सोसावा लागतो.

बरं, इलाज करता येतो की. लोक मुठीला जवसाचं तेल पाजतात, सांध्यात व्हॅसलीन भरतात, पॉलिश पेपरची घडी करून फट आतून थोडी घासतात. मी हे सगळं केलंय, गुण येतो. पण खरी कटकट पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही. जुलैत सहज उघडावा म्हणून फट मोकळी केलीत की पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मे मध्ये तेच लाकूड आकसतं आणि पातं सैल पडतं, डावी-उजवीकडे हलतं, मिटलेलं असताना लॉक केलं नाही तर सॅकमध्ये आपोआप थोडं बाहेर डोकावतं. म्हणजे उन्हाळ्यात नीट चालणारा चाकू पावसात अडकणार, पावसाला जुळवलेला उन्हाळ्यात डुलणार. ज्यांना वस्तूंची निगा राखायला आवडतं त्यांना ही मजा वाटेल, मलाही दिवाणखान्यात बसून तेल लावायला आवडतं, पण डोंगरावर काम असताना नाही. तुमच्याकडे कदाचित इतकं होणार नाही, लाकूड लाकडागणिक फरक असतोच, मी माझं सांगतोय.

पायोनिअरला हे काहीच नाही. हापूस कापून हात आणि चाकू दोन्ही चिकट झाले की नळाखाली धरा, फटींतून बोटाने पाणी फिरवा, झटका, वाळवा, सांध्यात खोबरेल नको, ते थंडीत थिजतं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. वर्षभर उघडायला जोर सारखाच लागतो. म्हणजे जोर लागतो हे खरं, पट्ट्या कडक आहेत आणि नखं अगदी तळापासून कापणाऱ्यांना त्रास होईल, पण तो त्रास जानेवारीत जेवढा तेवढाच ऑगस्टमध्ये.

आणि मग बाकीची हत्यारं. बॉटल ओपनरला फार लोक भुलतात, माझ्या मते खरी कामाची आहे ती टोची. सॅकचा पट्टा उसवला, बेल्टला आणखी एक भोक हवं, नारळाचा मऊ डोळा फोडून पाणी काढायचंय, सगळं तीच करते. डबा फोडायचं पातंही कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर मस्त चालतं, टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे त्याने चष्म्याचा नाही पण टॉर्चचा स्क्रू फिरतो. लाल प्लास्टिकच्या मुठीवाले स्पार्टन वगैरे थोडे स्वस्त पडतात, त्यात चिमटा आणि दातकोरणं मिळतं. चिमटा काटा काढायला खरंच उपयोगी, पण ती गुळगुळीत मूठ ओल्या हातात सरकते आणि दगडावर पडली तर तडकू शकते.

किंमतीचं म्हणाल तर विक्रेता आणि सेलप्रमाणे आकडे हलतात, पण ढोबळमानाने पायोनिअर हा ओपिनेलच्या ८ नंबरच्या दुप्पट किंवा जास्तच पडतो. तरी ओपिनेलबद्दल मला एक गोष्ट खटकते, फ्रान्समध्ये तो दहा-पंधरा युरोत मिळणारा साधा, कुणीही वापरावा असा चाकू आहे, इथे येईपर्यंत त्याला शौकाच्या वस्तूचा भाव लागतो. कुणी फ्रान्सहून येणार असेल तर जरूर मागवा, त्या भावात तर डोळे झाकून. इथल्या भावात मी आणखी पैसे घालून पायोनिअरकडेच जाईन. निदान ट्रेकसाठी. घरी स्वयंपाकघरात, गाडीतून सहलीला, जिथे चाकू कोरडा राहणार आहे तिथे ओपिनेलइतकं सुख पायोनिअर देणार नाही, आमच्याकडे डायनिंग टेबलावर फळांच्या टोपलीत ओपिनेलच असतो आणि रोज वापरात असतो.

घेताना एवढं बघा की पायोनिअरच्या पात्यावर मुळाशी कंपनीचं नाव कोरलेलं आहे का आणि पातं मिटताना खटका स्वच्छ वाजतो का, कारण फुटपाथवर आणि जुन्या बाजारात लाल मुठीच्या नकला पोत्याने पडलेल्या असतात आणि त्यांच्या पात्यांत उघडल्यावरही खेळ असतो. धार गेली तर सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊ नका, एका फेरीत पातं अर्धं खाऊन टाकेल, घरीच बारीक दगडावर लावा. आणि विमानाने जाणार असाल तर कुठलाही असो, चेक-इन बॅगेत टाका.