निळं पडणारं बाळ: आधी शंट की थेट पूर्ण ऑपरेशन?

‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ (हृदयात छिद्र आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद असा जन्मजात दोष) असलेलं बाळ रडता रडता निळं पडतं, ओठ-नखं जांभळी होतात. (अशा वेळी त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा आणि लगेच दवाखाना गाठा.)

शंटमध्ये, फुप्फुसाकडे जास्त रक्त जावं म्हणून, हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीला बारीक नळी जोडतात. १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला पहिल्यांदा केलं तेव्हा नळी नव्हती, धमनीच थेट जोडली होती. हृदय उघडावं लागत नाही; पण आतलं छिद्र तसंच राहतं आणि दुसरं ऑपरेशन ठरलेलंच.

पूर्ण ऑपरेशनमध्ये छिद्राला पॅच लावतात, फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी करतात. फुप्फुसाच्या धमन्या पुरेशा वाढलेल्या असतील तर मी हेच म्हणेन. अगदीच इवलंसं, कमी वजनाचं बाळ असेल, तर मात्र शंट त्याला वाढायला वेळ देतो. इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) दोन्हींनंतर आयुष्यभर.