व्हिएतनामसाठी घेतलेलं डॉलरचं फॉरेक्स कार्ड: काही महिने वापरून झाल्यावर

पहिल्यांदाच परदेशी निघाला असाल, तेही व्हिएतनामसारख्या खिशाला परवडणाऱ्या देशात, आणि बँक फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधी भरून मग वापरायचं प्रीपेड कार्ड) घ्या म्हणून मागे लागली असेल, तर कार्ड जरूर घ्या. फक्त सहलीचे सगळे पैसे त्यात भरू नका. विमानाची तिकिटं निघाल्यापासून ते परत आल्यावर उरलेली शिल्लक काढून घेईपर्यंत मी हे कार्ड वापरलं. बँकेचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते डॉलर भरलेल्या बहुतेक कार्डांना लागू पडतं.

आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबांनी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढला, आईने त्यांच्या मागोमाग. मुलुंडहून गावी आणि फार तर अष्टविनायक, यापलीकडे दोघांचा प्रवास फारसा झालेला नव्हता. त्यामुळे देश असा हवा होता की विमान थेट असेल, व्हिसासाठी वकिलातीत खेटे घालायला लागणार नाहीत आणि तिथे गेल्यावर आई प्रत्येक चहाच्या कपाला रुपयांत हिशेब करत बसणार नाही. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, घड्याळात फक्त दीड तासाचा फरक आहे आणि एक लाख डोंग (तिथलं चलन) म्हणजे आम्ही गेलो तेव्हा साधारण ३४० रुपये होत होते. हनोईच्या जुन्या भागात नाश्त्यासकट चांगली स्वच्छ खोली तीन हजारांच्या आत मिळाली. एवढ्या पैशात मे महिन्यात महाबळेश्वरला काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

पण देश स्वस्त असला की एक गोष्ट आपोआप मागे पडते. रोजचा खर्च कमी, म्हणून बँकेचे दोन-तीन टक्के कोणी मोजत नाही. हे दोन-तीन टक्के चौघांच्या सहलीत मिळून किती होतात हे मला बघायचं होतं, म्हणून आम्ही मुद्दाम दोन कार्डं नेली. माझ्याकडे डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड, नवऱ्याकडे परदेशी व्यवहारावर मार्कअप, म्हणजे दरावर वरचे टक्के, न लावणारं साधं डेबिट कार्ड.

फॉरेक्स कार्डात डॉलर, युरो, पौंड, दिरहम, सिंगापूर डॉलर, थाई बात असे कप्पे असतात. डोंगचा कप्पा माझ्या कार्डात नव्हता. म्हणजे आपले रुपये आधी डॉलर होतात, तेही बँकेच्या विक्रीच्या दराने, जो टीव्हीवर दिसणाऱ्या दरापेक्षा दीड-दोन रुपयांनी चढा असतो. त्यावर थोडा जीएसटी. मग हनोईत कार्ड घासलं की डॉलरचे डोंग होतात आणि तिथे दुसऱ्यांदा कात्री लागते. माहितीपत्रकात तिला क्रॉस करन्सी मार्कअप म्हटलेलं असतं आणि माझ्या कार्डावर ती साडेतीन टक्के होती. शाखेतला मुलगा मनापासून सांगत होता, "मॅडम, रेट लॉक होतो, पुढे काही टेन्शन नाही." रेट लॉक होतो हे खरंच आहे, पण तो डॉलरचा. अमेरिकेला किंवा दुबईला जाणाऱ्यासाठी हे कार्ड उत्तम आहे, कारण तिथलं चलन थेट कार्डात भरता येतं. व्हिएतनाम, इंडोनेशिया, कंबोडिया असल्या ठिकाणी जाणाऱ्याने आधी एवढंच विचारावं: तिथल्या चलनाचा कप्पा आहे का, आणि नसेल तर क्रॉस करन्सीला किती लागतात?

होआन किएम तळ्याजवळच्या एका एटीएममधून आम्ही एकामागोमाग एक दोन्ही कार्डांवर वीस-वीस लाख डोंग काढले. तिथल्या बँकेचं शुल्क दोघांनाही सारखंच पडलं. रात्री हॉटेलवर हिशेब मांडला तेव्हा नवऱ्याच्या खात्यातून जेवढे रुपये गेले होते त्यापेक्षा माझ्या कार्डावर तीच रक्कम सुमारे पाचशे रुपयांनी महाग पडली होती. यात माझ्या कार्डाचं दर वेळचं दोन डॉलरचं एटीएम शुल्कही आलं. तळ्याकाठी चौघांची कॉफी तेवढ्यात झाली असती. त्यानंतर रोख काढायला फक्त नवऱ्याचं कार्ड.

त्या कार्डाची मात्र तयारी मुंबईतच करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं, परदेशातला वापर आपण स्वतः ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो आणि मर्यादाही ठरवावी लागते. आपलं सिम काढून टाकू नका, ओटीपी त्यावरच येतो. डेटा बंद ठेवून नुसतं रोमिंग चालू ठेवलं तरी आमचं काम भागलं.

आता फॉरेक्स कार्डाने जिथे खरोखर साथ दिली ते सांगते. मुंबईत बसून केलेली सगळी डॉलरमधली बुकिंगं त्यावर केली: ई-व्हिसा, 'हा लाँग बे' या उपसागरातली क्रूझ, दोन हॉटेलं. डॉलरचं बिल, डॉलरचा कप्पा, मध्ये दुसरी कात्री नाही. व्हिसाची फी एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेक वेळच्या प्रवेशासाठी ५०, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. अर्ज सरकारी साइटवरच करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या कितीतरी साइट एजंटांच्या असतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये जसं छापलंय अगदी तसंच अर्जात यायला हवं. आईचं आधारवरचं स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवरचं वेगळं, म्हणून तिचा अर्ज मी पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर बघत भरला. फी एकदा भरली की अर्ज नामंजूर झाला तरी परत मिळत नाही.

दुसरा मोठा फायदा म्हणजे हे कार्ड बचत खात्याला जोडलेलं नसतं. अनोळखी साइटवर नंबर टाकताना मला धाकधूक वाटली नाही, कारण गेले तर त्यातले थोडे डॉलर जाणार, पगाराच्या खात्याला धक्का नाही. किटमध्ये एकाच शिल्लक रकमेची दोन कार्डं मिळाली होती, एक माझ्या पर्समध्ये आणि एक बाबांच्या बॅगेच्या आतल्या खिशात. ॲपमध्ये एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप असं वेगवेगळं बंद-चालू करता येतं. बुकिंग झालं की ऑनलाइन बंद करून टाकायची सवय लावून घ्या, फार बरं पडतं.

दोन्ही कार्डं असली तरी रोख लागतेच. रस्त्यावर छोट्या स्टुलावर बसून फो (तिथलं नूडल्सचं सूप) खायचा, बाजारात फळं घ्यायची, चप्पल शिवून घ्यायची तर नोटाच लागतात. तिथले लोक आपसात क्यूआरवर पैसे देतात, पण आपलं यूपीआय आमच्या वेळी तिथे चालत नव्हतं. डॉलरच्या नोटा आम्ही फोर्टमधल्या परवानाधारक मनी चेंजरकडून घेतल्या. तीन ठिकाणी फोन करून भाव विचारला की चौथा आपोआप खाली येतो. विमानतळावरच्या खिडकीवर मात्र अगदी नाइलाज असेल तरच जा. नोटा घ्यायला पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा लागतो, पन्नास हजारांच्या वरचे पैसे बँकेतूनच द्यावे लागतात आणि नोटांच्या रूपात एका प्रवासाला जास्तीत जास्त ३,००० डॉलर नेता येतात. नोटा कोऱ्या मागून घ्या. घडी पडलेली, शाई लागलेली शंभराची नोट हनोईतल्या काउंटरवर उलटीपालटी करून परत दिली जाते, हे आमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत घडताना पाहिलं.

डोंगच्या नोटा हा एक वेगळाच आनंद आहे. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. संध्याकाळच्या उजेडात, घाईत, दोन्ही सारख्याच दिसतात. एकीची किंमत ६८ रुपये, दुसरीची १,७००. बाबांनी पहिल्याच दिवशी लग्नाच्या आहेराची दोन पाकिटं काढली, एकात लाख आणि त्यावरच्या नोटा, दुसऱ्यात बाकी सगळ्या, आणि मोठ्या नोटांचं पाकीट रस्त्यात उघडायचं नाही असा नियम घातला. मग रोज रात्री ते नोटा पसरून त्यांच्या मागची चित्रं बघत बसायचे. एक लाखाच्या नोटेवर हनोईचं टेंपल ऑफ लिटरेचर, दोन लाखांच्या नोटेवर हा लाँग बे, पन्नास हजारांच्या नोटेवर हुए शहर, वीस हजारांच्या नोटेवर होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल. "अगं, आपला सगळा कार्यक्रम यांनी आधीच छापून ठेवलाय," ते आईला म्हणाले. होई आनच्या पुलासमोर नोट धरून काढलेला दोघांचा फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे.

'मी सन' (My Son) या ठिकाणची शिवमंदिरं आम्ही बाबांच्या आग्रहाने केली. चौथ्या ते तेराव्या शतकात तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली, विटांची, अमेरिकी बॉम्बफेकीत बरीच पडलेली. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. तिकिटाचे पैसे आम्ही रोख दिले आणि बाबांनी ते तिकीट पाकिटात नोटांसोबत जपून ठेवलंय. नेहमीच्या पॅकेजमध्ये हे ठिकाण बऱ्याचदा नसतं, तर आवर्जून विचारा.

तारखांबद्दल थोडं, कारण त्यावर पैसेही अवलंबून आहेत. आपल्याकडे परदेश म्हटलं की दिवाळीची सुट्टी डोळ्यांपुढे येते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे हुए आणि होई आनकडे, धो धो पाऊस असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी त्यांचं नवीन वर्ष, तेत, येतं. तेव्हा दुकानं बंद, गाड्या भरलेल्या. आम्ही मार्च धरला. हवा बरी होती आणि तयारीला वेळ मिळाल्यामुळे कार्डात डॉलर एकदम न भरता थोडे थोडे भरता आले, चढ-उताराची सरासरी निघाली.

हॉटेल आणि मोठ्या रेस्टॉरंटांत कार्डावर वर तीन टक्के मागतात, आधी विचारा. मशीनने "तुमच्या चलनात पैसे द्यायचेत का" असं विचारलं तर नाही म्हणा, डोंगच निवडा, नाहीतर दर ते त्यांच्या मनाने लावतात. दा नांगच्या हॉटेलने अनामत म्हणून माझ्या फॉरेक्स कार्डावर रक्कम अडकवून ठेवली, ती आम्ही घरी आल्यावर तीन आठवड्यांनी सुटली. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड पुढे करा, प्रीपेड कधीच नको.

कार्डासोबत "मोफत विमा" म्हणून जे सांगतात ते नीट वाचा. माझ्या कार्डावर तो कार्ड हरवलं किंवा फसवणूक झाली तर होता, दवाखान्यासाठी नव्हे. आईबाबा साठीच्या पुढचे, त्यामुळे प्रवासविमा मी वेगळा घेतला आणि सगळ्यांनी घ्यावाच. नवऱ्याला हाय व्हान घाटात स्कूटर चालवायची फार हौस होती. पण आपल्या आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. आम्ही हुएहून दा नांगला रेल्वेने गेलो. रूळ समुद्राला लागून जातात, खिडकीची जागा मिळाली आणि आई पूर्ण वेळ बाहेर बघत होती.

परत आल्यावरचा भाग मला अजिबात आवडला नाही. उरलेले डॉलर रुपयांत करून मागितले तर बँकेचा खरेदीचा दर, म्हणजे आम्हाला डॉलर विकताना तिने लावलेल्या दरापेक्षा बराच खाली. त्यात शाखेने एक फॉर्म चुकीचा दिल्यामुळे पुन्हा जावं लागलं. नियमाने २,००० डॉलरपर्यंत आपल्याकडे ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत जमा करायचे असतात, तेव्हा लगेच विकायची घाई नाही. पण काही कार्डांवर बरेच महिने वापर नसेल तर शुल्क कापायला लागतात, ते तेवढं तपासा. मी थोडे डॉलर ठेवून बाकीचे काढून घेतले.

कार्डाला मी पाचपैकी तीन देईन. डॉलरमधल्या आगाऊ बुकिंगसाठी पूर्ण गुण, व्हिएतनामच्या रस्त्यावर वापरायला जेमतेम एक. आईला आता श्रीलंका बघायचीय. तिथे फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात, त्यामुळे या वेळी कार्डात भर घालणार नाही. जे डॉलर उरलेत त्यातच कँडीच्या हॉटेलचं बुकिंग करायचं ठरवलंय.