एव्हरेस्ट की चिंबोराझो? मोजपट्टी कुठून लावणार?

शाळेत शिकलो तो हिशेब समुद्रसपाटीपासूनचा. त्यात एव्हरेस्टला तोड नाही: 8848.86 मीटर, नेपाळ आणि चीनने 2020 मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा. इक्वाडोरचा चिंबोराझो त्यापुढे जेमतेम 6263 मीटरचा, म्हणजे अडीच किलोमीटरने बुटका.

आता मोजपट्टीचं टोक पृथ्वीच्या केंद्रात ठेवा. चिंबोराझोचं शिखर केंद्रापासून सुमारे 6384 किलोमीटर, एव्हरेस्टचं 6382. बाजी उलटली! कारण पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. स्वतःभोवती फिरून फिरून तिचं पोट विषुववृत्तावर सुटलंय. तिथली त्रिज्या ध्रुवांपेक्षा 21 किलोमीटरने जास्त. चिंबोराझो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दीड अंश दक्षिणेला, त्या फुगवट्यावरच उभा. एव्हरेस्ट मात्र 28 अंश उत्तरेला. थोडक्यात, बुटका माणूस स्टुलावर चढला.

तरी माझं मत एव्हरेस्टलाच. गिर्यारोहकाला विरळ हवेचा त्रास होतो तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे, केंद्रापासूनच्या अंतरामुळे नव्हे. शिवाय केंद्राचीच पट्टी लावली, तर विषुववृत्तावरचा साधा समुद्रकिनारासुद्धा उत्तर ध्रुवापेक्षा 21 किलोमीटर ‘उंच’ ठरतो. हां, ताऱ्यांच्या सर्वांत जवळ कुठे उभं राहता येईल असं कुणी विचारलं, तर तिकीट इक्वाडोरचंच काढा.