‘स्टेबल’ लिहायचं की ‘ट्रिक्सी’? कोकणातल्या डेबियन मशीनसाठी रेपॉझिटरीच्या सेटिंगची तुलना

शाळेची लॅब, गावचं ग्रंथालय, होमस्टेचं काउंटर, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा कॉम्प्युटर. अशा ठिकाणी डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम बसवायला चांगली: जुन्या मशीनवरही चालते आणि लायसन्सचा खर्च नाही. बसवून देणारा माणूस मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या गावचा असतो. दापोलीतून निघून मंडणगडच्या टोकाला किंवा कुडाळहून देवगडच्या खाडीपलीकडे तो रोज जाऊ शकत नाही. त्यामुळे मशीन पाठीमागे कोणी नसतानाही नीट राहिलं पाहिजे, आणि ते राहतं की नाही हे बरंचसं सोर्सेस लिस्ट नावाच्या एका छोट्या फाइलवर अवलंबून असतं. सॉफ्टवेअर आणि अपडेट कुठल्या रेपॉझिटरीतून (म्हणजे ऑनलाइन साठ्यातून) आणि कुठल्या आवृत्तीचे घ्यायचे, ते तिथे लिहिलेलं असतं.

आवृत्तीच्या जागी तीन प्रकारे लिहिता येतं. ‘स्टेबल’ असं लिहा, किंवा आवृत्तीचं नाव लिहा (बुकवर्म, ट्रिक्सी), किंवा ठराविक तारखेचा स्नॅपशॉट (त्या दिवशीच्या रेपॉझिटरीची जशीच्या तशी प्रत) लावा. माझं मत आधीच सांगतो: कोकणात, लांबून सांभाळायच्या मशीनवर, आवृत्तीचं नावच लिहावं.

सरपंच हे पद असतं, त्या पदावरची व्यक्ती निवडणुकीनंतर बदलते. ‘स्टेबल’चं तसंच आहे. 9 ऑगस्ट 2025 च्या आधी स्टेबल म्हणजे बुकवर्म, म्हणजे डेबियन 12. त्या दिवशी डेबियन 13 आलं आणि स्टेबल म्हणजे ट्रिक्सी झालं. बुकवर्म ‘ओल्डस्टेबल’ झालं. तुमच्या फाइलमधलं अक्षरही बदललं नाही, तरी त्या ओळीचा अर्थ बदलला.

आता या अर्थबदलाच्या तारखा बघा. डेबियन 9 आलं 17 जून 2017 ला, 10 आलं 6 जुलै 2019 ला, 11 आलं 14 ऑगस्ट 2021 ला, 12 आलं 10 जून 2023 ला आणि 13 आलं 9 ऑगस्ट 2025 ला. पाचही वेळा पावसाळ्यात. त्याआधीचं 8 आलं 25 एप्रिल 2015 ला, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. डेबियनवाले आधी आवृत्ती गोठवतात, काही महिने फक्त दोष दुरुस्त करतात आणि मग प्रसिद्ध करतात. या वेळापत्रकामुळे अलीकडे दर विषम वर्षी प्रकाशन उन्हाळ्यानंतरच्या काळात पडतं. युरोपात तो सुट्टीचा मोसम असेल, आपल्याकडे तो लाईट जाण्याचा मोसम आहे. 14 ऑगस्ट 2021 ला डेबियन 11 आलं तेव्हा 22 जुलैच्या पुरातून चिपळूण अजून सावरत होतं. त्या महिन्यात तिथल्या कुठल्या दुकानातलं मशीन आपलं आपण नव्या आवृत्तीकडे वळावं, असं कोणालाही वाटलं नसतं.

‘स्टेबल’ लिहिलेल्या मशीनवर त्या दिवशी नेमकं काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण याबद्दल बरेच गैरसमज आहेत. मशीन लगेच नव्या आवृत्तीवर उडी मारत नाही. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणारं एपीटी अपडेट करायला जातं तेव्हा त्याला दिसतं की या रेपॉझिटरीचं कोडनेम (आवृत्तीचं नाव) ‘बुकवर्म’ होतं, ते आता ‘ट्रिक्सी’ झालंय. ते थांबतं आणि विचारतं: हा बदल मान्य आहे का? समोर माणूस नसेल तर उत्तर मिळत नाही आणि यादी ताजी होत नाही. रात्री आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स नेहमीच्या सेटिंगमध्ये चालू मशीनचं कोडनेम बघतं, त्यामुळे तेही ट्रिक्सीचं काही घेत नाही. म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद पडतात, आणि मशीन चालू असल्यामुळे कोणाला कळतही नाही. पुढच्या फेरीला कळलं तर कळलं.

याच्या उलट, समोर कोणी असेल तर धोका वेगळा. होमस्टेच्या काउंटरवरचा मुलगा प्रश्न वाचतो, ‘वाय’ दाबतो आणि नेहमीसारखं अपग्रेड चालवतो. साधं अपग्रेड कुठलंही पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा) काढून टाकत नाही. त्यामुळे ज्यांना जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही ती पॅकेजं मागे राहतात, बाकीची पुढे जातात. अर्धं मशीन बुकवर्म, अर्धं ट्रिक्सी. त्यात लाईट गेली तर पुढचा सगळा दिवस तुमचा फोनवर जाणार.

32-बिटच्या जुन्या मशीनचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. ट्रिक्सीमध्ये आय-386 साठी, म्हणजे या 32-बिट मशीनसाठी, कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाही, इन्स्टॉलरही नाही. अशा मशीन ट्रिक्सीवर नेऊ नका, असं डेबियनच्याच प्रकाशन-नोंदीत सांगितलं आहे. देणगीत मिळालेल्या जुन्या नेटबुकवर चालणारी लॅब असेल तर त्या फाइलमध्ये ‘बुकवर्म’ लिहिलेलं असणं ही आवडीनिवडीची बाब उरत नाही.

नाव लिहिलं की हे सगळं टळतं. ओल्डस्टेबल झाल्याची एक ओळ दिसते, पण काम अडत नाही. सुरक्षेचे अपडेट येत राहतात. याची किंमत एकच: आवृत्तीची मुदत संपायच्या आत पुढच्या आवृत्तीवर तुम्हाला स्वतः जावं लागतं. मुदत चांगली लांब आहे. बुकवर्मला पूर्ण आधार 10 जून 2026 पर्यंत आणि त्यानंतर एलटीएस (लांब मुदतीचा आधार) पथकाचा आधार 30 जून 2028 पर्यंत. ट्रिक्सीसाठी याच तारखा 9 ऑगस्ट 2028 आणि 30 जून 2030. एलटीएसमध्ये प्रत्येक पॅकेजला आधार असतोच असं नाही, म्हणून त्या दोन वर्षांवर पूर्ण विसंबून योजना आखू नका. मधली आवृत्ती गाळूनही जाता येत नाही: 11 वरून 13 ला जायचं तर 12 मधूनच. दोन आवृत्त्या मागे पडलेलं मशीन म्हणजे दोन अपग्रेड, हे ध्यानात ठेवा.

तिसरा पर्याय स्नॅपशॉटचा. डेबियनच्या स्नॅपशॉट सेवेत जुन्या तारखांच्या रेपॉझिटरी जशाच्या तशा मिळतात. तिची तारीख फाइलमध्ये लावली तर लॅबमधली सगळी मशीन हुबेहूब सारखी राहतात. कानाला चांगलं वाटतं, पण गोठवलेल्या तारखेत पुढचे सुरक्षा-अपडेट नसतात, आणि जुन्या याद्या चालाव्यात म्हणून वैधतेची तपासणी बंद करावी लागते. इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर हे कायमचं लावू नये. एखाद्या अपडेटनंतर प्रिंटर रुसला आणि त्या पॅकेजची मागची आवृत्ती हवी असेल, तर तेवढंच एक पॅकेज तिथून आणायला ही सेवा फार उपयोगी पडते.

‘टेस्टिंग’ही, म्हणजे अजून तयार होत असलेली पुढची आवृत्ती, लिहिता येतं. इथे ते नको, एवढंच.

नाव लिहायचं ठरलं तरी फाइलमध्ये जागा तीन आहेत: मुख्य रेपॉझिटरी, ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’. तिन्हीकडे एकच नाव पाहिजे. मुख्य ओळीत ‘ट्रिक्सी’ आणि सिक्युरिटीत कोणीतरी कुठून तरी चिकटवलेलं ‘स्टेबल-सिक्युरिटी’, असं मिश्रण सगळ्यात वाईट, कारण ते काही वर्षं बिनबोभाट चालतं आणि मग नेमकी सुरक्षेचीच ओळ अडते. फार जुन्या मशीनवर आणखी एक पाहा. डेबियन 10 पर्यंत सिक्युरिटीची ओळ ‘बस्टर/अपडेट्स’ अशी लिहायची, 11 पासून ती ‘बुलसाय-सिक्युरिटी’ अशी झाली, त्यामुळे नुसतं नाव बदलून भागत नाही. आणि 12 पासून वायफाय वगैरेंचं फर्मवेअर (त्या उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या भागात गेलं. 11 वरून वर येताना तो शब्द जोडला नाही तर वायफाय कार्डाला नवं फर्मवेअर मिळत नाही.

बाहेरच्या कंपन्यांच्या ओळींना मात्र सरसकट हात लावू नका. गुगल क्रोमच्या ओळीतलं ‘स्टेबल’ हे क्रोमच्या वितरणाचं नाव आहे, डेबियनशी त्याचा संबंध नाही. ते तसंच राहू द्या. डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ओळीत डेबियनचं कोडनेम लागतं, ते बदलायला हवं.

जुन्या एकओळी फाइलपेक्षा नव्या पद्धतीची, ‘डॉट सोर्सेस’ने संपणारी फाइल मला जास्त पसंत आहे. तिच्यात पत्ता, आवृत्ती, भाग आणि सहीची किल्ली वेगवेगळ्या ओळींत असते, आणि ‘ट्रिक्सी ट्रिक्सी-अपडेट्स’ असं एकाच ओळीत लिहिता येतं. बदलायच्या जागा कमी होतात. फोनवरून दुसऱ्याला सांगून बदल करून घ्यायचा असेल तर हा फरक फार मोठा असतो. ट्रिक्सीतल्या एपीटीला ‘मॉडर्नाइझ-सोर्सेस’ अशी आज्ञा दिली की जुनी फाइल तो स्वतःच नव्या रूपात लिहून देतो.

डेबियनवरूनच बनलेलं उबंटू असेल तर हा प्रश्न वेगळ्या जागी असतो. तिथे फाइलमध्ये नेहमी कोडनेमच असतं. ठरवायचं असतं ते पुढच्या आवृत्तीसाठी कधी विचारायचं, ते. ‘प्रॉम्प्ट’ सेटिंग ‘एलटीएस’वर ठेवा. मधल्या आवृत्त्यांना फक्त 9 महिने आधार मिळतो आणि नंतर त्यांची रेपॉझिटरी जुन्या संग्रहात हलवली जाते, मग अपडेट करताना नुसत्या चुका दिसतात. रॉकी किंवा अल्मा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सवर धडा जवळजवळ उलटा आहे. तिथे ‘9’ हा मुख्य आकडाच ठेवायचा. ‘9.4’ असा नेमका आकडा बांधला तर पुढची उपआवृत्ती आल्यावर त्याचे अपडेट थांबतात आणि तो ‘व्हॉल्ट’ या जुन्या संग्रहात जातो. डेबियनमध्ये घट्ट बांधणं सुरक्षित, इथे जास्त घट्ट बांधणं धोक्याचं.

आता पत्त्याचा प्रश्न: थेट डेबियनच्या सर्व्हरवरून घ्यायचं की गावातच साठवून वाटायचं? एकदोन मशीन असतील तर थेट. फाइलमध्ये डेबियनचा मुख्य ‘डेब’ पत्ता ठेवा, तो सीडीएनवरून (जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) जवळची प्रत देतो. पण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅबमध्ये तेच पॅकेज प्रत्येक मशीनने वेगळं उतरवणं म्हणजे दिवसाचा डेटा सकाळीच संपवणं. अशा ठिकाणी एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा. ते 3142 पोर्टवर बसतं, पहिल्या मशीनने मागितलेलं पॅकेज जपून ठेवतं आणि बाकीच्यांना लॅबच्या आतल्या आत देतं. त्यासाठी पत्ता एचटीटीपी हवा, कारण एचटीटीपीएसने थेट जाणारं त्याला साठवता येत नाही. एचटीटीपी म्हटल्यावर काहीजण दचकतात. पॅकेजमध्ये फेरफार होण्याची भीती इथे नाही: यादीवर डेबियनची डिजिटल सही असते, प्रत्येक पॅकेज त्याचा हॅश (फाइलचा ठसा) त्या यादीशी जुळवूनच बसवलं जातं. आपण कुठलं पॅकेज घेतोय हे वाटेत कोणाला दिसू शकतं, एवढाच फरक. शाळेच्या लॅबला तो चालतो.

लॅपटॉपवर मात्र कॅशचा पत्ता पक्का लिहू नका. गुरुजी लॅपटॉप घरी घेऊन गेले की कॅश सापडत नाही आणि अपडेट अडतात. तिथे ऑटो-एपीटी-प्रॉक्सी बसवा. कॅश दिसली तर तिथून, नाही तर थेट. अख्ख्या रेपॉझिटरीची प्रत ठेवण्याचा मोह काहींना होतो. ती शेकडो जीबींची असते आणि तुम्हाला त्यातला फार थोडा भाग लागतो. कॅशच बरी.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या लॅबमध्ये एक अडचण हमखास दिसते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते आणि मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. एपीटी यादीवरची तारीख बघतं, ती भविष्यातली दिसते, आणि ‘ही फाइल अजून वैध झालेली नाही’ अशा अर्थाची चूक देऊन थांबतं. लोक सोर्सेस लिस्ट उलटसुलट करून बघतात, पत्ते बदलतात. आधी घड्याळ बघा. बॅटरी दुकानात सहज मिळते.

अपग्रेडला मुहूर्त कुठला? नवी आवृत्ती आली की पहिली दुरुस्ती-आवृत्ती येईपर्यंत थांबावं, असं मला वाटतं. 13.1 आली 6 सप्टेंबर 2025 ला, अनंत चतुर्दशीच्याच दिवशी. गणपती गेले, पाऊस उतरणीला लागला, पर्यटक दिवाळीपर्यंत कमी: होमस्टेला हीच वेळ. शाळेला दिवाळीची सुट्टी. आंब्याचा व्यवहार असेल तर मोहोर धरायच्या आत उरकावं, फेब्रुवारीनंतर त्या मशीनला हात लावू नये.

आदल्या दिवशी चालू आवृत्ती पूर्ण ताजी करा, डेटाचा बॅकअप घ्या, मग नाव बदला. पॅकेजं ‘डाउनलोड-ओन्ली’ने त्याच रात्री उतरवून ठेवा, म्हणजे अपग्रेडच्या मधे नेट गेलं तरी फरक पडत नाही. अपग्रेडच्या दिवशी आधी नवी पॅकेजं न आणणारं छोटं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. लांबून एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवर नेटवरून काम करण्याच्या सोयीवर) करत असाल तर टीमक्स या प्रोग्रामच्या आत करा, कारण कनेक्शन तुटलं तर काम चालू राहतं. मशीन इन्व्हर्टरवर असू द्या. इतकं करूनही मधेच लाईट गेली तर घाबरून नव्याने इन्स्टॉल करायला बसू नका: अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण कॉन्फिगर करायची आज्ञा डीपीकेजीला (एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला) द्या, मग एपीटीला ‘फिक्स-ब्रोकन’ सांगा आणि फुल-अपग्रेड पुन्हा चालवा. झाल्यावर एपीटी अपडेट एकदा हाताने चालवून तिन्ही ओळींमध्ये ‘ट्रिक्सी’ दिसतंय का आणि सिक्युरिटीची ओळ विनातक्रार येतेय का, ते वाचा. मगच मशीन परत काउंटरवर द्या.