रोड बाइकचे फिटिंग आणि बदललेले सुटे भाग : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ही सायकल माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे; पण येथे लिहीत आहे तो अनुभव गेल्या आठ महिन्यांचा आणि साधारण साडेचार हजार किलोमीटरचा आहे, कारण तिच्यातले खरे बदल मी याच काळात केले. ॲल्युमिनिअमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग), डिस्क ब्रेक, शिमानो १०५ चा अकरा स्पीडचा गिअरसंच, पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात आणि मागच्या चकत्यांना ११ ते २८ दात असे तिचे मूळ स्वरूप होते. माझे वजन ६८ किलो आहे, आणि राइड बहुधा दोन ते चार तासांच्या असतात.

तक्रारी तीन होत्या. दीड तास झाला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर व्हायचे, उजव्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसायची, आणि मान आखडायची. यावर मी आधी वस्तू विकत घेतल्या : जेलचे हातमोजे, हँडलवर गुंडाळायची जाड बार टेप, वेगळ्या आकाराची सीट. बोटे बधिर व्हायचीच. फक्त दीड तासाऐवजी पावणेदोन तासांनी.

मग मी मोजायचा टेप हातात घेतला. पायाच्या आतल्या बाजूची लांबी ०.८८३ ने गुणायची आणि येणारा आकडा म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर, हे सूत्र १९८६, १९८९ आणि १९९० साली टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखले जाते. अनवाणी उभे राहून, भिंतीला टेकून आणि एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर दाबून घेतलेले माझे माप ८१ सेंटिमीटर आले. म्हणजे सीट ७१.५ सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी होती, आणि ती होती ७३.४ वर. हे सूत्र क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी किंवा बुटाच्या तळाची जाडी विचारात घेत नाही, त्यामुळे त्याला सुरुवातीचा अंदाज यापलीकडे महत्त्व देऊ नये. तरीही जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक अंदाजाच्या चुकीत बसत नव्हता. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) मागून व्हिडिओ काढला तेव्हा प्रत्येक पेडलला कंबर उजवीकडे-डावीकडे कलताना स्पष्ट दिसली. पाय तळाशी पोहोचावा म्हणून शरीर खाली झुकत होते, आणि गुडघ्यामागची ओढ तिथून येत होती.

सीट एकदम खाली आणली नाही. सीटपोस्टवर रंगीत चिकटपट्टी लावून दर आठवड्याला ५ मिलिमीटर, असे करत ७१.९ वर थांबलो. पहिले दोन आठवडे मांड्यांना नेहमीपेक्षा जास्त श्रम होत असल्यासारखे वाटले. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याची ओढ गेली आणि पुन्हा आली नाही. शरीराला नव्या मापाची सवय होण्याआधीच पुढचा बदल केला तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळतच नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी असा माझा आग्रह आहे.

हातांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाजवळ, अल्नर ही नस जाते; हुड्सवर (ब्रेकच्या खटक्यांच्या रबरी मुठींवर) हात ठेवल्यावर तिथे वजन पडत राहिले की नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात. म्हणजे हातमोजा कितीही मऊ असला, तरी हातावर एवढे वजन का येते हा प्रश्न उरतोच. माझ्या सीटचे टोक सुमारे ३ अंश खाली झुकलेले होते, त्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो आणि ती घसरण हातांनी रोखत होतो. सीट सपाट केली. नंतर ती ८ मिलिमीटर मागे सरकवली. मागे सरकवल्याने हँडल आणखी लांब जाईल आणि त्रास वाढेल असे मला वाटत होते, पण झाले उलटेच : कंबर पायांच्या मागे गेल्यामुळे धडाचा तोल पायांवर पेलला जाऊ लागला आणि हात हलके झाले. हात हुड्सवरून क्षणभर अलगद उचलून पाहावेत. धड लगेच पुढे पडले नाही तर तोल बरोबर आहे, ही परीक्षा मी आजही राइड सुरू झाल्यावर करतो.

यानंतरच स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, बदलला. ११० मिलिमीटरऐवजी आधी ९० चा लावला. मानेला बरे वाटले, पण उतारावर हँडल फार हलके झाले आणि वळणावर सायकल अपेक्षेपेक्षा लवकर आत जाऊ लागली. आता १०० चा आहे आणि तो कायम राहील. हँडलबारही ४४ सेंटिमीटरवरून ४० वर आणला, कारण माझे खांदे तेवढेच आहेत. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर ही मर्यादा छापलेली आहे, आणि हाताच्या अंदाजाने आपण ती सहज ओलांडतो.

क्रँक १७२.५ मिलिमीटरवरून १६५ वर नेली. २०२४ च्या हंगामात व्यावसायिक सायकलपटू तादेई पोगाचारने १६५ ची क्रँक वापरल्यापासून तिची चर्चा फार झाली; माझे कारण मात्र साधे होते. ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागात) वाकल्यावर पेडलच्या वरच्या टप्प्यात मांडी पोटाला लागत होती. क्रँक आखूड झाल्यावर पाय तळाला ७.५ मिलिमीटर कमी पोहोचतो, म्हणून सीट तेवढीच वर घ्यावी लागते, आणि मग वरच्या टप्प्यात एकूण १५ मिलिमीटरची मोकळीक मिळते. तो फरक पहिल्याच दिवशी जाणवला. ड्रॉप्समध्ये आता मी वीस मिनिटे सलग राहतो.

त्याची किंमत चढावर मोजावी लागली. तरफ चार टक्क्यांहून थोडी अधिक आखूड झाल्यामुळे तोच गिअर तेवढ्या प्रमाणात अधिक जड लागतो. पुढे ३४ आणि मागे २८ दातांच्या गिअरवर पेडलचे मिनिटाला ८० फेरे ठेवायचे तर वेग ताशी १२ किलोमीटरच्या वर हवा, आणि तीव्र चढावर तो माझ्याकडून टिकत नाही. ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावल्यावर तेच ८० फेरे ताशी १० किलोमीटरला मिळतात. फक्त कॅसेट घेऊन भागत नाही, हे लक्षात ठेवावे : या पिढीच्या १०५ चा छोट्या केजचा (चेन ताणून धरणाऱ्या चौकटीचा) मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ साठी मध्यम केजचा लागतो, आणि चेनही लांब घ्यावी लागते. सपाटीवर दोन गिअरमधले अंतर वाढल्याचे जाणवते; मला ते मान्य आहे.

सर्वांत समाधान दिले ते टायरांनी. २५ मिलिमीटरचे टायर १०० पीएसआय इतक्या हवेच्या दाबावर चालवत होतो. आता २८ चे, मागे ७२ आणि पुढे ६८ वर. खडबडीत रस्त्यावर कडक टायर सायकलला आणि अंगाला सतत उडवतो आणि ती शक्ती वाया जाते. मऊ टायर खडा गिळून पुढे जातो. चार तासांनंतर खांद्यांत जो थकवा साचायचा तो निम्म्याने कमी झाला, आणि ओल्या वळणावरचा विश्वास वाढला.

चाकांबद्दल मात्र मी स्पष्ट लिहितो. ४५ मिलिमीटर खोलीची कार्बनची चाके जुन्यांपेक्षा ३५० ग्रॅमने हलकी आहेत. सायकल आणि मी मिळून ७६.५ किलो धरले तर ही बचत अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, म्हणजे अर्ध्या तासाच्या चढावर फार तर आठ सेकंद. ताशी ३५ च्या पुढे ती चांगली पळतात आणि त्यांचा आवाज मला आवडतो, पण आडव्या वाऱ्यात पुढचे चाक ढकलले जाते आणि त्या वेळी हँडल घट्ट धरावे लागते. सर्वांत जास्त पैसे यांवर गेले आणि माझ्या तीन तक्रारींपैकी एकही यांनी सुटली नाही.

डाव्या क्लीटचे (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याचे) काम अजून बाकी आहे. पिवळ्या क्लीटमध्ये पायाला ६ अंशांची मोकळीक मिळते, तरी लांबच्या राइडमध्ये डावी टाच आत वळून क्रँकला घासते, म्हणून ती क्लीट दर आठवड्याला थोडी फिरवून पाहत आहे. मागचा टायर मधोमध सपाट झाला आहे. फ्रेममध्ये ३२ पर्यंत जागा असल्याने त्याच्या जागी ३० चा लावणार आहे.